जॉर्जिया: राज्य नव्हे, देश

मोहरीरकाका रोज सकाळी अंघोळ करतात, देवाला दोन फुलं वाहतात आणि खुर्चीत बसून आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे इथल्या सरकारी शाळांच्या कारभाराची, नियमावली वाचतात. रोज एक पान. नियमावली तीन जाड फायलींमध्ये आहे. ती त्यांनी घरच्या प्रिंटरवर छापली आणि शेवटचं पान बाहेर टाकून तो प्रिंटर वारला. तिसरी फाईल संपली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली. कुमुदकाकू म्हणतात, "आमच्याकडे बारमाही पारायण असतं. फक्त प्रसाद नसतो."

यात विशेष एवढंच की काकांच्या घरात शाळेत जाणारं मूल नाही. एकुलता एक मुलगा आशुतोष सिएटलला असतो आणि त्याचे केस आता कपाळावरून मागे सरकायला लागलेत. तरी शाळेची बस कोणत्या कोपऱ्यावर किती मिनिटं थांबली पाहिजे हे काकांना माहीत असतं, आणि काकांना ते माहीत आहे हे बसच्या ड्रायव्हरलाही माहीत असतं.

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला एका उपनगरात राहतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण काका विचारतील, रेकॉर्डवर कशाला? आठ वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्या शेजारचं घर घेतलं. सामानाचा ट्रक अजून उभा होता, मी आणि माझा नवरा निखिल एका गादीचं एकेक टोक धरून दारात अडकलो होतो, तेव्हा काका आले. नाव, गाव काही विचारलं नाही. म्हणाले, "मुलगी किती वर्षांची?" मी सांगितलं, आठ. त्यावर त्यांनी मागच्या कुंपणाकडे बोट दाखवलं आणि सांगितलं की शाळेची हद्द तिथे संपते, कुंपणापलीकडची मुलं दुसऱ्या शाळेत जातात, तेव्हा घर घेताना आम्ही सात फुटांनी वाचलो. मग गादीला हात लावला. आपण अमरावतीचे आहोत, हे त्यांनी मग जिन्यात सांगितलं.

काकांनी अख्खी नोकरी एका गाडीच्या कंपनीत सीटबेल्टच्या बक्कलवर काढली. बेल्ट नाही, सीट नाही, फक्त बक्कल. ते लागलं की 'टिक' असा आवाज आला पाहिजे, आणि तो आवाज आजीबाईंनाही ऐकू आला पाहिजे, हे त्यांचं जीवितकार्य होतं. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट पटली की काका "टिक" म्हणतात. नाही पटली तर मान हलवून म्हणतात, "टिक नाही वाजली." निखिलने एकदा त्यांना क्रिप्टोबद्दल पाऊण तास समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "झालं? मला तर काही ऐकू आलं नाही."

स्कूल बोर्डाची मीटिंग दर पंधरा दिवसांनी मंगळवारी असते. सामान्य नागरिकाने उठावं, नाव-पत्ता सांगावा, तीन मिनिटं बोलावं, खाली बसावं. काका एकही मीटिंग चुकवत नाहीत. त्यांचा आवडता विषय म्हणजे 'शॅल' आणि 'मे'. नियमात 'शॅल' असेल तर करावंच लागतं, 'मे' असेल तर मर्जी. "अर्ध्या अमेरिकेला हा फरक कळत नाही," काका म्हणतात, "आणि उरलेली अर्धी त्याच्यावर पोट भरते." तीन मिनिटं झाली की तिथे घंटा वाजते. ही घंटासुद्धा काकांमुळे आली. कोणे एके काळी एक गृहस्थ पार्किंगवर अकरा मिनिटं बोलले. पुढच्या मीटिंगला काकांनी पान नंबर सांगून तक्रार केली की नियम तीन मिनिटांचा आहे. बोर्डाने घंटा विकत घेतली. हॉटेलच्या काउंटरवर असते तसली, टपली मारायची.

गेल्या वर्षीच्या वसंतात एका मंगळवारी काका मीटिंगहून जरा घाईने घरी आले. आमच्या हायस्कूलमध्ये परदेशी एक्स्चेंज विद्यार्थ्यांसाठी पाच जागा ठेवलेल्या असतात आणि त्यातल्या तीन रिकाम्या होत्या, कारण मुलांना ठेवून घ्यायला कुटुंबंच मिळत नव्हती. काकांना हे सहन झालं नाही. नियम आहे, जागा आहे, आणि मूल नाही. त्यांनी त्याच आठवड्यात अर्ज भरला. काकूंना विचारलं का, असं मी काकूंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "विचारलं नाही बाप्पा, सांगितलं. पण मी नाही म्हटलं नाही." आणि भाजी चिरायला लागल्या.

त्या आठवड्यात काकांनी मला कुंपणावरून व्हिसाचं शास्त्र शिकवलं. "दोन अक्षरं लक्षात ठेव, प्राजक्ता. जे आणि एफ. जे म्हणजे जेवायला बोलावलेला पाहुणा. एफ म्हणजे फी भरून आलेला." अर्थ असा की एक्स्चेंज प्रोग्रॅममधून जे व्हिसावर येणारी मुलं वर्षभर कुणाच्या तरी घरी राहतात, आणि आमच्या डिस्ट्रिक्टच्या नियमाप्रमाणे त्यांना शाळेची फी नाही. एफवाल्याला सरकारी हायस्कूलमध्ये शिकायचं तर एका मुलामागे येणारा सगळा खर्च भरावा लागतो, आणि तोही जास्तीत जास्त बारा महिने. काका पाण्याचा पाइप हातात धरून हे सांगत होते आणि सांगता सांगता त्यांनी माझ्या टोमॅटोंना पूर आणला.

ऑगस्टमध्ये निनो आली. निनो हे मुलीचं नाव आहे आणि ती जॉर्जियाची. जॉर्जिया म्हणजे काळ्या समुद्राकाठचा देश. सोळा वर्षांची, काकांपेक्षा वीतभर उंच, व्हॉलीबॉल खेळणारी. काका तिला आणायला विमानतळावर पाटी घेऊन गेले. पाटीवर तिचं नाव होतं, त्याखाली 'वेलकम' आणि त्याखाली तिच्या व्हिसाचा प्रकार. निनो नंतर मला म्हणाली की तिला क्षणभर वाटलं, हे पोलीस आहेत.

काकूंचं आणि तिचं पहिल्या दिवसापासून जमलं, फक्त भाषेची थोडी गंमत झाली. निनो रोज फोनवर कुणाला तरी 'मामा' म्हणायची. काकूंना वाटलं, मुलीला मामाचा फार लळा आहे. तीन आठवड्यांनी त्यांनी कौतुकाने विचारलं की मामी काय करते? तेव्हा उलगडा झाला की जॉर्जियन भाषेत मामा म्हणजे बाप. आणि आईला म्हणतात देदा. काकूंनी हे दुपारभर सगळ्या महाराष्ट्र मंडळाला फोन करून कळवलं.

मग गणपती आले. महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमध्ये दरवर्षी बायका मिळून उकडीचे मोदक करतात आणि कुणाच्या मोदकाला किती कळ्या, यावर वर्षभराचे मानापमान ठरतात. निनोने पहिली पारी हातात घेतली, जरा वळवून पाहिली आणि एकोणीस कळ्यांचा मोदक करून ताटात ठेवला. आजूबाजूच्या बायकांनी हातातल्या पाऱ्या खाली ठेवल्या. तिच्या देशात मोदकासारखंच काहीतरी करतात, आत मांस नाहीतर बटाटा, आणि कळ्या एकोणीस असाव्यात असा तिच्या आजीचा दंडक. पस्तीस वर्षं कळ्यांची राणी असलेल्या एक मावशी त्या दिवशी लवकर घरी गेल्या.

जेवताना मात्र निनोने मोदक शेंडीला धरून उलटा केला, खालून खाल्ला आणि शेंडी पानाच्या कडेला ठेवली. मग दुसरी शेंडी. मग तिसरी. त्यांच्याकडे किती खाल्ले ते शेंड्या मोजून ठरवतात. काकूंना ते बघवेना, कारण बाप्पाच्या प्रसादाच्या अकरा शेंड्या पानात पडल्या होत्या. काकांनी त्या मोजून पाहिल्या आणि म्हणाले, "ऑडिटला सोपं आहे." मग त्यांनी एकेक शेंडी उचलून स्वतः खाल्ली.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र आलं. डिस्ट्रिक्टने निनोच्या नावाने फीचं बिल पाठवलं होतं. आकडा असा होता की काकूंना आधी तो फोन नंबर वाटला. बिलाचं कारण खाली लिहिलं होतं: विद्यार्थिनी परराज्यातली आहे. कायमचा पत्ता, जॉर्जिया.

झालं होतं ते साधं होतं. डिस्ट्रिक्टने उन्हाळ्यात नवीन कॉम्प्युटर सिस्टिम घेतली होती. तिच्यात कुणीतरी 'जॉर्जिया' टाइप केलं, आणि सिस्टिमला फक्त अमेरिकेतलं राज्य, अटलांटावाला जॉर्जिया, माहीत होता. मिशिगनबाहेरचं मूल म्हणजे फी. बटण दाबलं, बिल निघालं.

काकांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं लग्नपत्रिका आली. आयुष्यभर परेड केलेल्या शिपायाला शेवटी युद्ध मिळालं होतं. इस्त्रीचा शर्ट, तीन फायली, निनोचा पासपोर्ट, शाळेने वसंतात दिलेलं संमतिपत्र, असा सगळा जामानिमा घेऊन ते डिस्ट्रिक्ट ऑफिसला गेले. तिथल्या मिसेस कोवाल्स्की त्यांना वीस वर्षं ओळखतात. काका दिसले की त्या आधी कॉफी आणून ठेवतात, स्वतःसाठी. त्यांनी पासपोर्ट पाहिला, संमतिपत्र पाहिलं आणि म्हणाल्या, "मिस्टर मोहरीर, जॉर्जिया देश आहे हे मला माहीत आहे. कॉम्प्युटरला माहीत नाही." एकदा बिल निघालं की नोंद लॉक होते. ती उघडायची तर वरून मंजुरी हवी, आणि वरचे सगळे ऑक्टोबरच्या मोजणीच्या तयारीत बुडालेले.

ही मोजणी म्हणजे आमच्याकडचा शाळांचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी राज्यातल्या सगळ्या शाळांमध्ये मुलं मोजतात. त्या दिवशी जितकी डोकी, त्या हिशोबाने राज्य सरकार शाळेला वर्षाचे पैसे देतं. म्हणून त्या दिवशी कुणी गैरहजर राहू नये यासाठी शाळा डोनट वाटतात, पिझ्झा देतात, एका वर्षी तर शिपाई अस्वलाचा पोशाख घालून दारात उभा होता. काकांना मोजणीचा दिवस दिवाळीसारखा. यंदा त्यांच्या घरचंही एक डोकं त्या मोजणीत असणार होतं, आणि त्याच डोक्याच्या नोंदीला कुलूप लागलं होतं.

काका दोन दिवस खुशीत होते. तिसऱ्या दिवशी एक्स्चेंज प्रोग्रॅमच्या स्थानिक बाईंचा फोन आला. फार गोड बोलल्या. म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत शाळेचं मिटलं नाही तर नाइलाज आहे, निनोला दुसऱ्या कुटुंबाकडे हलवावं लागेल. आयोवात एक जागा आहे. चांगली माणसं आहेत, घोडे आहेत.

त्या संध्याकाळी मी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेले तर काकांच्या गॅरेजचं दार उघडं होतं. काका गाडीत बसले होते. बेल्ट लावलेला, इंजिन बंद. मी काचेवर टकटक केलं. त्यांनी काच खाली केली आणि समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "हिला परत पाठवतील का गं?"

मी म्हटलं, परत नाही हो काका, आयोवाला. तेसुद्धा झालं तर.

"तेच ते," काका म्हणाले. आणि काच वर केली.

मंगळवारी मीटिंग होती. आम्ही सगळे गेलो. निखिल, मी, आमची रिया, निनो, आणि काकू. काकू या मीटिंगला पूर्वी कधी आल्या नव्हत्या. त्यांचं म्हणणं होतं की यांचं बोलणं मी घरी ऐकते, तिथे घंटासुद्धा नसते. त्या दिवशी त्या नारायणपेठ साडी, वर स्वेटर आणि पायात पांढरे स्पोर्ट्स शूज अशा आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या.

काका पृथ्वीगोल घेऊन आले होते. आशुतोषचा शाळेतला, दक्षिण ध्रुवाला चेपलेला. त्यांनी तो माइकसमोर ठेवला, नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि सुरुवात केली. सुरुवात चांगली होती, फक्त ती फार मागून होती. त्यांनी एक्स्चेंज विद्यार्थ्यांचा नियम प्रथम कधी केला हे सांगितलं, तो दुसऱ्यांदा कधी बदलला हे सांगितलं, त्या बदलात एका 'मे'चा 'शॅल' कसा झाला हे सांगितलं. मी घड्याळ बघत होते. दोन मिनिटं झाली. काका अजून पान नंबरांवर होते. बोर्डाच्या अध्यक्षीणबाईही घड्याळ बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा सांगत होता की ती घंटा वाजवायची त्यांची मुळीच इच्छा नाही. काकांनी गोल फिरवला, काळा समुद्र शोधला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आता मी मुख्य मुद्द्याकडे येतो."

घंटा वाजली.

दुसरा कुणी असता तर आणखी अर्धं मिनिट रेटलं असतं. कुणी काही बोललं नसतं. पण काकांनी तोंड मिटलं, गोल उचलला आणि खाली येऊन बसले. त्यांनीच आणवलेली घंटा होती. बोट अजून काळ्या समुद्रावरच होतं.

अध्यक्षीणबाईंनी विचारलं, आणखी कुणाला बोलायचं आहे? आणि काकू उठल्या.

त्या इंग्रजीत बोलल्या, पण मला ते मराठीतच आठवतं. माइक त्यांच्या कपाळाच्या उंचीवर होता. तो खाली करायचं कुणाला सुचलं नाही, आणि काकूंनी त्याची वाट पाहिली नाही.

"माझं नाव कुमुद मोहरीर. पत्ता तोच, जो आत्ता यांनी सांगितला. ही मुलगी माझ्या घरी जेवते. माझ्या घरी झोपते. माझं घर मिशिगनमध्ये आहे, सव्वीस वर्षं आम्ही त्याचा टॅक्स भरतो. जॉर्जियात तिची आई आहे. ती आई तुमच्या ऑफिसात येऊ शकत नाही, म्हणून मी आले. तुमच्या कॉम्प्युटरला सांगा."

आणि खाली बसल्या. हॉलमध्ये कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मीटिंगमध्ये टाळ्या वाजवायच्या नाहीत असा नियम आहे, आणि तो सगळ्यांना काकांमुळेच माहीत आहे. निनोने काकूंचा हात धरला. अध्यक्षीणबाईंनी चष्मा काढून पुसला. गाडीत बसल्यावर काकांनी आधी बेल्ट लावला. मग म्हणाले, "दोन मिनिटं दहा सेकंद शिल्लक होती तुझी. वाया घालवलीस."

शुक्रवारी मिसेस कोवाल्स्कींचा फोन आला. वरची मंजुरी मिळाली होती, बिल रद्द झालं होतं आणि निनोची नोंद सुटली होती. त्या म्हणाल्या की आता सिस्टिममध्ये देशांची वेगळी यादी घातली आहे, आणि त्यात जॉर्जियाच्या पुढे कंसात 'राज्य नव्हे' असं त्यांनी स्वतः टाइप केलंय. काका "टिक" म्हणाले, पण जरा हिरमुसले. अपील करावं लागलं तर म्हणून त्यांनी बावीस पानं तयार ठेवली होती. ती त्यांनी आम्हाला जेवायला बोलावून वाचून दाखवली. मधे काकूंनी दोनदा ताक वाढलं.

मोजणीच्या बुधवारी काका सकाळी साडेसातला शाळेसमोरच्या फुटपाथवर जाऊन उभे राहिले. निनो आत शिरली, तिने वळून हात केला, काकांनी वहीत खूण केली. तेवढ्यावर थांबायचं की नाही? पण बाकीची मुलंही येत होती, आणि काकांना राहवेना. थोड्या वेळाने असिस्टंट प्रिन्सिपल रस्ता ओलांडून आले आणि अदबीने विचारलं की आपण काय करताय? काकांनी सांगितलं की फुटपाथ सार्वजनिक आहे, आणि पान नंबर दिला. रियाने मला वर्गातून मेसेज केला, "आई, ही इज काउंटिंग अस." पुढचा मेसेज आला, "ही गॉट अ डोनट."

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं कळलं नाही. निनोने काकूंना व्हॉलीबॉलची सर्व्हिस शिकवली, त्यातला एक चेंडू आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत आला. बर्फाच्या दिवसांत शाळेला सुट्टी जाहीर झाली की काका पहाटे उठून ड्राइव्हवे साफ करायचे, म्हणायचे, सुट्टी रद्द झाली तर? काकूंनी तिला पिठलं शिकवलं, तिने काकूंना अक्रोडाची चटणी शिकवली. नियमाप्रमाणे एक्स्चेंजच्या मुलांना डिप्लोमा मिळत नाही, हे काकांनी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. जूनमध्ये त्यांनी स्वतःच एक छापून तिला दिला. त्यावर सही होती, शिक्का होता, आणि शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा कागद कुठेही ग्राह्य धरला जाणार नाही.

निरोपाच्या दिवशी विमानतळावर काका फक्त बॅगेच्या वजनावर बोलले. बॅग वजनात बसली, निनो आत गेली. परत येताना गाडी मी चालवली. मागे काका-काकू दोघंही दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून बाहेर बघत होते.

दोन आठवड्यांनी काकांनी मला बोलावलं. पुढच्या वर्षीचा अर्ज भरायचा होता. होस्ट कुटुंबाला ओळखणाऱ्या एका माणसाची सही लागते, ती माझी. काका म्हणाले, "सही नंतर. आधी वाच. चूक असेल तर दाखव." गेल्या आठ वर्षांत काकांनी मला चूक दाखवायला सांगितलेली ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी जरा तरतरीत होऊन बसले. काकू आत मिक्सरवर काहीतरी वाटत होत्या.

तिसऱ्या पानावर मला चूक सापडली. 'यापूर्वी आपल्या घरी राहिलेले विद्यार्थी' असा रकाना होता, आणि काकांनी त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं, दोन. मला फार आनंद झाला. म्हटलं, काका, सापडली. एक पाहिजे.

"चूक नाही," काका म्हणाले. "पुढचं वाच."

पुढच्या ओळीवर नावं होती. पहिलं निनोचं नव्हतं. माधवी मोहरीर, एकोणचाळीस दिवस. खाली निनो, दहा महिने.

आतला मिक्सर थांबला.

माधवी काकांची पुतणी. काका अमेरिकेत आले त्याच्या पाचव्या वर्षी अमरावतीला त्यांचे मोठे भाऊ अचानक गेले. वहिनींची तब्येत नाजूक, मुलगी तेरा वर्षांची. काकांनी तिला व्हिजिटर व्हिसावर इथे आणलं. खोली तयार केली, टेबल घेतलं, दप्तर घेतलं. गावात शाळा आहे, घरात मूल आहे, झालं, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या आठवड्यात तिचा हात धरून ते शाळेच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी पासपोर्ट पाहिला आणि सांगितलं की व्हिजिटर व्हिसावर शाळेत जाता येत नाही. व्हिसा बदलायचा तर सगळा खर्च भरावा लागेल, आणि तोही एकाच वर्षापुरता. त्या वेळी काकांची नोकरी नवीन होती, घराचे हप्ते नुकते सुरू झाले होते, तेवढे पैसे नव्हते. आणि वर्षानंतर काय, याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

"मी एक ओळ वाचली नव्हती, प्राजक्ता," काका म्हणाले. "एकसुद्धा. पोरीला विमानात बसवून आणलं आणि नियम वाचला नाही."

परतीच्या तिकिटापर्यंत माधवी रोज सकाळी कपडे करून समोरच्या खिडकीत बसायची आणि बस आली की बघायची. आशुतोष त्याच बसने जायचा. मग ती परत गेली. आता ती अमरावतीतच बँकेत आहे, तिला दोन मुलं आहेत, दिवाळीला फोन करते. तिच्या मनात काही नाही, असं काका म्हणाले. तिला त्या दिवसांतलं आता फारसं आठवतही नाही. फक्त बस पिवळी होती, एवढं आठवतं.

काकू दाराशी येऊन उभ्या होत्या, हाताला वाटण लागलेलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, पण काका, ती शाळेत गेलीच नव्हती ना. ते लोक एखाद वेळेस हरकत घेतील.

काकांनी अर्ज माझ्याकडून घेतला, चष्मा नीट केला आणि त्या रकान्याखाली बोट ठेवून मला सावकाश वाचून दाखवलं.

"घरी राहिलेले, असं लिहिलंय," ते म्हणाले. "शाळेत गेलेले, असं नाही लिहिलेलं."

मी पान उलटलं आणि सही केली. काकूंनी विचारलं, जेवूनच जातेस ना? आणि आत जाऊन मिक्सर पुन्हा लावला.